हायड्रोजेलच्या (भरपूर पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ पदार्थाच्या) आत डोकावायचं, तर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक की लाइट शीट सूक्ष्मदर्शक?

गोवा विद्यापीठात, ताळगाव पठारावर मटेरियल सायन्स शिकणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर नमुन्याच्या जाडीवर ठरतं.

कॉन्फोकलमध्ये लेझर एकेक बिंदू टिपत फिरतो आणि बारीक छिद्र फोकसबाहेरचा प्रकाश अडवतं. पातळ थरासाठी, काचपट्टीवरच्या पेशींसाठी मी आजही तोच निवडेन. पण एक बिंदू पाहताना त्याच्या वरचा-खालचा सगळा भागही उजळतो. जाड जेलचे शेकडो थर टिपेपर्यंत नमुन्यात मिसळलेला फ्लुरोसंट (प्रकाश पडताच चमकणारा) रंग फिका पडतो, आणि जेलमध्ये जिवंत पेशी असतील तर त्यांनाही इजा होते.

लाइट शीटमध्ये प्रकाशाचा पातळ पडदा बाजूने शिरतो. दारं बंद केल्यावर फटीतून आलेल्या उन्हात धूळ दिसते, तसा तेवढाच थर उजळतो. काटकोनातला कॅमेरा तो एका झटक्यात टिपतो. त्यामुळे जेल फुगताना किंवा औषध त्यात झिरपताना प्रत्यक्ष पाहता येतं. या युक्तीचं मूळ मटेरियल सायन्समध्येच आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं: झीडेंटोप्फ आणि झिग्मोंडी या शास्त्रज्ञांनी 1903 मध्ये बाजूच्या प्रकाशात माणिकरंगी काचेतले सोन्याचे सूक्ष्म कण पाहिले. जीवशास्त्रात तिची खरी चलती झाली 2004 नंतर.

अडचण पारदर्शकतेची. गढूळ जेलमध्ये सावल्यांचे पट्टे उमटतात. शिवाय डेटा प्रचंड, तेव्हा साठवणुकीची सोय आधी बघा. धातू किंवा अपारदर्शक सिरॅमिकच्या अंतरंगासाठी दोन्ही निरुपयोगी.