टाहोची भाड्याची घरं आणि लहरी हिवाळा: सीझनभर वापरल्यानंतर काय टिकलं, काय नाही

कॅलिफोर्नियात लेक टाहोच्या उत्तरेला ट्रकी गावात आम्ही तीन घरं सुट्टीसाठी भाड्याने चालवतो. एक आमचं आणि दोन सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणाऱ्या मराठी मित्रांची. आम्ही स्वतः सॅक्रामेंटोजवळ राहतो, म्हणजे घरांपासून साधारण १०० मैलांवर. मध्ये डोनर समिटची ७,२०० फुटांवरची चढण आहे. रस्ता बंद झाला की आमचा आणि घरांचा संबंध फक्त फोनवरचा. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये तिन्ही घरांत जवळजवळ सारखी व्यवस्था बसवली: भाव आपोआप ठरवणारं सॉफ्टवेअर, दाराला कीपॅडचं कुलूप, तापमानाचे आणि गळतीचे सेन्सर, आणि पाण्याच्या मुख्य पाइपवर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह. एप्रिल २०२४ संपतोय आणि या सगळ्याबद्दल पक्कं मत झालंय. कंपन्यांची नावं देत नाही. ज्या अडचणी आल्या त्या या प्रकारच्या वस्तूंमध्येच असतात, ब्रँड बदलून सुटतील असं वाटत नाही.

आधी हिवाळ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. २०२२-२३ मध्ये डोनर समिटजवळच्या सेंट्रल सिएरा स्नो लॅबमध्ये ७५४ इंच बर्फाची नोंद झाली, म्हणजे बासष्ट फुटांच्या वर. तिथे याहून जास्त बर्फ फक्त १९५१-५२ मध्ये पडला होता, ८१२ इंच. पॅलिसेड्स टाहो या स्की रिसॉर्टच्या लिफ्ट ४ जुलैपर्यंत चालू होत्या. आणि लगेच पुढच्या हिवाळ्यात, २ जानेवारी २०२४ ला राज्याच्या जलविभागाने फिलिप्स स्टेशनला मोजणी केली तेव्हा बर्फ निघाला साडेसात इंच. राज्यभराचा साठा त्या तारखेच्या सरासरीच्या २५ टक्के. मग मार्चच्या पहिल्या दिवसांत ब्लिझर्ड, म्हणजे मोठं हिमवादळ, आलं आणि २ एप्रिलच्या मोजणीला आकडा ११० टक्क्यांवर. कागदावर हे वर्ष अगदी सर्वसाधारण दिसतं. पण भाडं सरासरीवर मिळत नाही. नाताळच्या आठवड्यात जमीन उघडी असेल तर मार्चमधला बर्फ तो आठवडा परत देत नाही. यात नवलही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच लॅबमध्ये १७ फुटांच्या वर बर्फ पडला आणि त्यानंतरचे जानेवारी ते मार्च हे तीन महिने कॅलिफोर्नियाच्या नोंदींतले सर्वांत कोरडे ठरले.

आता भावाचं सॉफ्टवेअर. सर्वांत जास्त अपेक्षा याच्याकडून होती आणि हिवाळ्यात सर्वांत कमी उपयोग याचाच झाला. ते आजूबाजूच्या घरांचं बुकिंग बघतं, मागच्या वर्षीच्या तारखा बघतं, किती दिवस उरलेत ते बघतं आणि भाव सुचवतं. त्याच्यासमोर मागचं वर्ष म्हणजे ७५४ इंचांचं वर्ष. त्यामुळे नाताळ आणि जानेवारी-फेब्रुवारीतले सुट्टीचे वीकेंड (मार्टिन ल्यूथर किंग डे आणि प्रेसिडेंट्स डे) या सगळ्यांचे भाव त्याने चढे लावून ठेवले. डिसेंबरात बुकिंग येईना, तरी ते हटून बसलं. आणि तारीख अगदी तोंडावर आली की एकदम खाली, थेट आम्ही ठरवलेल्या किमान भावापर्यंत. असे शेवटच्या क्षणी स्वस्तात येणारे लोक एका रात्रीसाठी येतात, खूप जण येतात आणि शेजाऱ्यांना त्रास होतो. ट्रकीत हे परवडत नाही. गावाने भाड्याच्या घरांच्या परवान्यांवर १,२५५ ची मर्यादा घातली आहे आणि तक्रारी साचल्या तर परवानाच धोक्यात येतो. म्हणून किमान भाव वाढवला आणि किमान दोन रात्रींची अट सॉफ्टवेअरच्या हातातून काढून घेतली.

खरी परीक्षा झाली १ ते ३ मार्चच्या वीकेंडला. हवामान खात्याचा ब्लिझर्डचा इशारा आधीच आला होता. मोठा बर्फ येतोय म्हणून चौकशा वाढल्या आणि सॉफ्टवेअरने नेमका त्याच वीकेंडचा भाव चढवला. इकडे आम्ही लोकांना फोन करून सांगत होतो की येऊ नका. आय-८० या महामार्गाचा सुमारे ७५ मैलांचा पट्टा बंद झाला, स्की रिसॉर्टही बंद राहिले, पॅलिसेड्सच्या शिखरावर ताशी १९० मैलांचे झोत नोंदले गेले. खरी किंमत होती त्याच्या पुढच्या वीकेंडला: रस्ते मोकळे, वर ताजा बर्फ. तो भाव आम्ही हाताने लावला आणि तिन्ही घरं लगेच भरली.

सॉफ्टवेअरला न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. इथले बरेचसे स्कीवाले उन्हाळ्यातच किंवा त्याआधी पास घेऊन ठेवतात, पॅलिसेड्ससाठी आयकॉन, नॉर्थस्टार आणि हेवनलीसाठी एपिक. लिफ्टचे पैसे आधीच भरलेले असल्यामुळे ते घराच्या बाबतीत शेवटपर्यंत थांबतात. अंदाज बघतात आणि बुधवारी-गुरुवारी ठरवतात. ही मागणी कॅलेंडरमध्ये कुठेच नसते, ती बर्फाबरोबर येते. म्हणून हिवाळ्यात भाव माणसाने ठरवावा, रोज सकाळी डोंगरावरचा अंदाज वाचून, असं माझं ठाम मत झालंय. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि आठवड्याच्या मधल्या रात्री मात्र त्याने चांगल्या भरल्या. हिवाळ्यासाठी पाचपैकी दोन, बाकी वर्षासाठी चार.

कीपॅडच्या कुलुपाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ते काम करतं. प्रत्येक पाहुण्याला वेगळा कोड, जाण्याच्या वेळी तो आपोआप रद्द. चेन कंट्रोलमध्ये (बर्फात चाकांना साखळ्या लावायची सक्ती असते तिथे) अडकलेले लोक रात्री दोन वाजता पोचले तरी कोणाची झोपमोड होत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. थंडीत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या भराभर उतरतात. लिथियमच्या घातल्या तर त्या थंडीत छान टिकतात, पण त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो, त्यामुळे अॅपमध्ये भरलेली दिसणारी बॅटरी एक दिवस अचानक संपते. म्हणून अॅपवर न विसंबता तारीख ठरवून बदलायच्या. आणि दाराच्या चौकटीत थोडा जरी बर्फ गोठला की बोल्ट अडतो, मोटर कुरकुरते आणि पाहुणा बाहेर कुडकुडत राहतो. कोडबरोबरच "दार आपल्याकडे ओढून धरा आणि मग कोड टाका" हे एक वाक्य पाठवायला लागल्यापासून हे फोन जवळजवळ थांबले. कुलूप अडलंच तर म्हणून साध्या किल्लीची पेटी हवीच, आणि ती छातीच्या उंचीवर, छपराच्या आत. खाली लावलेली पेटी मार्चमध्ये बर्फाखाली असते.

ज्यावर खर्च केलेला प्रत्येक डॉलर वसूल झाला ते म्हणजे सेन्सर आणि व्हॉल्व्ह. कमी बर्फाच्या वर्षात पाइप फुटण्याची भीती कमी असेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ती जास्त असते. घराच्या पायाशी साचलेला बर्फ थंडी अडवतो. तो नसला आणि आकाश निरभ्र असलं की ट्रकीच्या रात्री फार खाली जातात. त्यात बुकिंग नाही म्हणून घर रिकामं, नळ कोणी उघडत नाही, पाणी पाइपमध्ये स्थिर. जानेवारीत आमच्या एका घराच्या दिवाणखान्यात थर्मोस्टॅटप्रमाणे ५५ अंश फॅरेनहाइट होतं, म्हणजे सगळं ठीक. पण क्रॉलस्पेसमध्ये, म्हणजे घराच्या फरशीखालच्या बुटक्या पोकळीत, ठेवलेला सेन्सर ३४ दाखवत होता. गोठणबिंदू ३२. त्या रात्री फोनवरून मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, हीटिंग वाढवलं आणि सकाळी सफाई करणाऱ्या बाईंना पाठवून सिंकखालची कपाटं उघडून ठेवली. काही फुटलं नाही. तुम्ही फक्त एकच सेन्सर घेणार असाल तर तो क्रॉलस्पेसमध्ये ठेवा.

उणीव मोठी आहे तीही सांगते. मार्चच्या वादळात वीज गेली, वीज गेली म्हणून वायफाय गेलं, आणि दोन घरांचे सेन्सर नेमके गरज होती तेव्हाच गप्प झाले. तिसऱ्या घरातल्या हबमध्ये (सेन्सरांचे आकडे फोनवर पोचवणाऱ्या पेटीत) मोबाइल सिम आणि स्वतःची बॅटरी होती, त्यामुळे तिथलं तापमान आम्हाला दिसत राहिलं. ज्यांना तास-दीड तासात घरी पोचता येतं त्यांना कदाचित वायफायवरचा पुरेल. डोंगराच्या पलीकडे राहणाऱ्यांनी सिमवाला हबच घ्यावा, महिन्याचे पैसे भरायला लागले तरी.

दुसरी अडचण व्हॉल्व्हची, ती आम्हाला आमच्याच लोकांनी दाखवली. फ्रीमाँटहून दोन मराठी कुटुंबं आली होती, आजी-आजोबा धरून बाराजण. सकाळी सगळ्यांच्या एकामागून एक अंघोळी. व्हॉल्व्हच्या हिशेबात इतका वेळ सलग पाणी वाहणं म्हणजे पाइप फुटला, त्याने पाणी बंद केलं. आजोबा साबण लावलेल्या अवस्थेत. फोनवरून दोन मिनिटांत चालू केलं, पण आता घरात पाहुणे असताना आणि घर रिकामं असताना अशा दोन वेगळ्या मर्यादा ठेवल्या आहेत आणि त्या बुकिंगच्या कॅलेंडरला जोडल्या आहेत. हॉट टब भरतानाही हेच होतं, सफाईवाल्यांना तसं सांगून ठेवा. सेन्सर आणि व्हॉल्व्ह मिळून साडेचार.

बर्फ उपसण्याचं कंत्राट ही वस्तू नव्हे, पण त्याशिवाय हा अनुभव अपुरा राहील. कंत्राट दोन प्रकारचं मिळतं, दर खेपेला पैसे किंवा पूर्ण सीझनचे ठरलेले. मागच्या हिवाळ्यात खेपेवाल्यांचे खिसे रिकामे झाले, म्हणून यंदा सगळ्यांनी ठरलेले पैसे भरले आणि जानेवारीपर्यंत ट्रॅक्टर जेमतेम दिसला. अनेकांना वाटलं की पैसे वाया गेले. मला तसं वाटत नाही. मार्चमध्ये प्लाऊवाले (बर्फ ढकलून रस्ता मोकळा करणारे) आधी सीझनवाल्यांकडे गेले, खेपेवाल्यांचा नंबर नंतर. सही करण्याआधी मात्र विचारून घ्या: रस्त्याचा सरकारी प्लाऊ ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो कडक बांध टाकून जातो तो काढणार का? दारापर्यंतची पायवाट? गॅसचा मीटर आणि भिंतीतले व्हेंट? व्हेंट बर्फाने बुजले तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो, आणि हे पाहुण्याला कळणार नाही. म्हणून या जागांवर घराच्या फोटोत लाल खुणा करून ते फोटो आम्ही प्लाऊवाल्याला दिले आहेत.

पाहुण्यांशी काय बोलायचं यात आमचं सर्वांत जास्त बदललं. आता बुकिंग झाल्याबरोबर एक मोठा निरोप जातो, मराठी पाहुण्यांना मराठीत. चेन कंट्रोलच्या आर-१, आर-२ आणि आर-३ या चढत्या पायऱ्या म्हणजे काय, चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-व्हील गाडीला आर-२ मध्ये चेन लावावी लागत नाही पण जवळ बाळगावी लागते, आर-३ मध्ये कोणालाच सूट नाही. भाड्याच्या गाडीला चेन लावायला बऱ्याच कंपन्यांची मनाई असते, ते करारात आधी वाचा. निघण्यापूर्वी कॅलट्रान्सचा (राज्याच्या रस्ते खात्याचा) क्विकमॅप हा रस्त्यांचा ऑनलाइन नकाशा बघा. पैशांबद्दलही स्पष्ट लिहितो: यायच्या दिवशी महामार्ग बंद असेल तर तारीख बदलून देऊ किंवा त्या रात्रींचे पैसे परत. बर्फ कमी आहे म्हणून पैसे परत मिळणार नाहीत, पण किती लिफ्ट चालू आहेत ते आम्ही आदल्या आठवड्यात खरं खरं कळवू. डिसेंबरात असं खरं कळवल्यावर काही जणांनी रद्द केलं, तेव्हा रद्द करायची मुदत शिल्लक होती. त्यांतले बरेच मार्चमध्ये आले.

आणि रिकाम्या नाताळातही जे खूश होऊन गेले ते स्कीवाले नव्हते. पुण्याहून आलेल्या आई-वडिलांना बर्फ दाखवायचाय, मुलांना घसरगुंडी खेळायचीय, एवढीच त्यांची अपेक्षा. त्यांना गाडीने डोनर समिटपर्यंत पाठवलं, तिथे हाताला लागेल एवढा बर्फ होता. येताना डोनर मेमोरियल पार्कातलं संग्रहालय, जिथे १८४६-४७ च्या हिवाळ्यात खिंडीखाली अडकून पडलेल्या स्थलांतरितांची हकिगत आहे. आमच्या जाहिरातीत स्कीचे फोटो सर्वांत वर होते. आता पहिला फोटो शेगडीसमोरच्या मोठ्या जेवणाच्या टेबलाचा आहे आणि स्वयंपाकघरात मोठा कुकर, तवा आणि पोळपाट-लाटणं असल्याचं ठळक लिहिलं आहे. डिसेंबर-जानेवारीतली जी बुकिंग टिकली त्यांतली बहुतेक अशा कुटुंबांची होती.

पुढच्या हिवाळ्यासाठी ठरलंय ते असं: उरलेल्या दोन घरांत सिमवाले हब ऑक्टोबरच्या आधी, प्लाऊचं कंत्राट सीझनचंच आणि सही सप्टेंबरात, कारण नंतर चांगले प्लाऊवाले शिल्लक राहत नाहीत. भावाचं सॉफ्टवेअर एप्रिल ते नोव्हेंबर चालू, डिसेंबर ते मार्च फक्त सल्ल्यापुरतं. क्रॉलस्पेसमध्ये प्रत्येक घरात दुसरा सेन्सर, उत्तरेच्या भिंतीकडे, जिथे दिवसभर ऊन येत नाही.