हॅव आय बीन पोन्ड: अण्णांचा ईमेल टाकला आणि चार ठिकाणं निघाली

कराडला माझा एमएस-सीआयटीचा क्लास आहे, पंधरा वर्षं झाली. ओटीपी कुणाला सांगू नका, हे मी दर बॅचला घोकून घेते. आणि गेल्या मार्गशीर्षात आमचे अण्णा फोनवर ओटीपीचे चार आकडे सांगून बसले होते. पाचवा तोंडातून निघायच्या आत मी फोन ओढून घेतला.

अण्णा भोळे नाहीत. सहकारी सोसायट्यांची दप्तरं तपासण्यात त्यांची हयात गेली. पण पलीकडच्या माणसाला त्यांचं पूर्ण नाव, घराचं नाव, पिनकोड आणि त्यांनी ऑनलाइन मागवलेला गुडघ्याचा पट्टा, सगळं ठाऊक होतं. "काका, पट्ट्याचे जादा पैसे कापले गेलेत, परत करायचेत." इतकं बिनचूक बोलणारा दुकानाचाच माणूस असणार, असं कुणालाही वाटेल. वाचताना चूक होऊ नये म्हणून अण्णांनी कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीनं सहाही आकडे लिहून घेतले होते. ते पान मी जपून ठेवलंय, वर्गात दाखवते.

त्याच रात्री मी अण्णांचा ईमेल 'हॅव आय बीन पोन्ड'वर टाकला. आपली माहिती कुठल्या चोरीत गेली का, हे सांगणारी ही वेबसाइट. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसानं डिसेंबर 2013 मध्ये, अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीची कोट्यवधी खाती फुटल्यानंतर, ही सेवा सुरू केली. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. ईमेल टाकला की तो कुठल्या कुठल्या चोरीत सापडला, ती कधी झाली आणि सोबत काय काय गेलं, हे तारखेनुसार खाली येतं. अण्णांची चार ठिकाणं निघाली. दोन ठिकाणांहून नाव, पत्ता, मोबाइल आणि जन्मतारीख असं सगळं गेलेलं. पट्ट्याचं दुकान मात्र यादीत नव्हतं. ही सेवा हाती लागलेल्या चोऱ्याच दाखवू शकते. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

ही माहिती जाते कुठे, हे मी तेव्हापासून वाचत आले. डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या नेहमीच्या शोधात न सापडणाऱ्या लपलेल्या भागात, तिला मंडईतल्या भाजीसारखा भाव असतो. ताजा माल महाग, शिळा झाला की कवडीमोल. ऑनलाइन किराणा विकणाऱ्या बिगबास्केटच्या सुमारे 2 कोटी ग्राहकांची माहिती 2020 मध्ये जवळपास 40 हजार डॉलरला विकायला ठेवल्याची बातमी होती. एप्रिल 2021 मध्ये तीच माहिती कुणालाही उतरवून घेता येईल अशी उघड्यावर आली. 2024 मध्ये इअरफोन विकणाऱ्या 'बोट' कंपनीच्या 75 लाख ग्राहकांची माहिती तर दोनेक युरोत मिळत होती. उलट ऑक्टोबर 2019 मध्ये 'जोकर्स स्टॅश' या बाजारात आलेली 13 लाख कार्डं, बहुतेक भारतीयांची, एकेक 100 डॉलरला लावलेली होती, कारण त्यांवरून नकली कार्ड बनवून लगेच पैसे काढता येतात. पण कार्ड बँकेत फोन करून बंद करता येतं. अण्णांची जन्मतारीख कुठे फोन करून बंद करायची? म्हणूनच फुकट झालेली जुनी यादी आपल्यासाठी जास्त वाईट, असं माझं मत झालंय. ती हजार जणांच्या हातात जाते, आणि त्यातला कुणीतरी एक दुपारी अडीचला अण्णांना फोन लावतो.

या सेवेवर माझा विश्वास बसला तो एका गोष्टीमुळे. 'जेनेसिस मार्केट' या चोरीच्या मालाच्या ऑनलाइन बाजारात लोकांचे पासवर्ड आणि त्यांच्या ब्राउझरची ओळख मिळून विकली जायची, म्हणजे घेणारा तुमच्या खात्यात तुम्हीच असल्यासारखा शिरायचा. एप्रिल 2023 मध्ये 17 देशांच्या पोलिसांनी मिळून तो बाजार बंद पाडला, तेव्हा त्यात सापडलेले ईमेल अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेनं याच सेवेकडे दिले, लोकांना आपलं नाव तपासता यावं म्हणून.

पासवर्ड तपासायची सोय वेगळी आहे आणि तिथे सगळेच बिचकतात. पासवर्ड जसाच्या तसा बाहेर जात नाही. त्याचं 40 अक्षरांचं रूप तुमच्याच ब्राउझरमध्ये तयार होतं आणि त्यातली फक्त पहिली पाच अक्षरं पाठवली जातात. मतदार यादीतलं एक पान मागवावं आणि नाव आपण घरी बसून शोधावं, तसं. मी वर्गात '123456' टाकून दाखवते. तो कोट्यवधी वेळा चोरीत सापडलाय हे बघून मुलं गप्प होतात. अण्णांचा पासवर्ड नातीचं नाव आणि तिचं जन्मसाल असा होता, तोही निघाला. तो त्यांनी बँकेलाही ठेवला होता. चोर एका ठिकाणची ईमेल-पासवर्डची जोडी शंभर ठिकाणी लावून बघतात, त्यामुळे त्या रात्री सगळ्यात आधी बँकेचा बदलला.

तक्रारी दोन. सगळं इंग्रजीत आहे. शेजारी कुणी बसल्याशिवाय अण्णांना एक ओळ कळली नसती. दुसरी मोठी. मोबाइल नंबरवरून शोधायची सोय 2025 मध्ये वेबसाइटवरून काढून टाकली. आपल्याकडे माणसाची ओळख म्हणजे त्याचा नंबर. माझ्या आईला ईमेलच नाही, तिच्यासाठी या सेवेचा काही उपयोग नाही. तिच्या नावावर किती सिम आहेत ते 'संचार साथी' या सरकारी वेबसाइटवर बघून घेतलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. तेवढंच हातात होतं.

आणखी एक. ही सेवा गेलेलं परत आणत नाही, तसा दावाही करत नाही. डार्क वेबवरून माहिती पुसून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांना एक रुपया देऊ नका. पैसे गेलेच, तर क्षणाचाही वेळ न घालवता 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा.

वेबसाइटचा पत्ता टाकताना स्पेलिंग नीट बघा, 'पोन्ड' हा शब्द पी-डब्ल्यू-एन-ई-डी असा लिहितात. घरातल्या प्रत्येकाचा ईमेल तपासा आणि नव्या चोरीची सूचना मिळण्यासाठी नोंदवून ठेवा. अण्णांचा मी नोंदवलाय. जानेवारीत पाचव्या ठिकाणाची सूचना आली, तेव्हा त्यांनी स्वतः मला हाक मारून स्क्रीन दाखवली.