पेलेट बॉयलरचे दोन हिवाळे: तो किती वेळा पेटतो ते मोजा

जर्मनीतलं जुनं दोन मजली घर. तळघरात 15 किलोवॅटचा पेलेट बॉयलर (पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या), शेजारी 500 लिटरची बफर टाकी, म्हणजे तापवलेलं पाणी साठवणारी टाकी, पलीकडच्या खोलीत पेलेटचा साठा. माल सुट्टा, टँकरमधून हवेच्या दाबाने भरला जाणारा. हा संच दोन हिवाळे चालवल्यावरचा अनुभव लिहितोय. इकडे घर घेऊन तेलाचा बॉयलर बदलायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींना उपयोगी पडावा.

आधी कार्यक्षमता. माहितीपत्रकावर नव्वदच्या वरचा आकडा असतो. तो खोटा नाही, पण बॉयलर तापून एका लयीत जळत असतानाचा आहे. वर्षाचा खरा हिशेब वेगळा. ईएनप्लस या पेलेटच्या गुणवत्ता-मानकातल्या सर्वात वरच्या ए1 दर्जाच्या पेलेटमध्ये किलोमागे साधारण 4.8 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता धरावी (मानकाची किमान अट 4.6). दोन किलो पेलेट म्हणजे एक लिटर तेल, हे ढोबळ गणित यातूनच येतं. वर्षात 5 टन जळाले तर 24,000 युनिट आत गेली. बॉयलरमधून निघणाऱ्या पाइपवरच्या उष्णतामापकाने 20,000 दाखवली, तर कार्यक्षमता 83 टक्के. मापक नसेल तर लावून घ्या, त्याशिवाय सगळं अंदाजपंचे.

मधली उष्णता जाते कुठे? काही धुराड्यातून, पण टाळता येण्याजोगी बरीचशी पेटण्या-विझण्यात. या ताकदीचा बॉयलर फार तर 4.5 किलोवॅटपर्यंत खाली येतो. ऑक्टोबरात घराला दोन-तीन किलोवॅट पुरतात. मग तो पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. पेटताना गरम हवेचा झोत पेलेटवर पडतो, काही मिनिटं नुसताच पांढरट धूर निघतो, आणि ज्वाला धरली तरी भट्टीच्या भिंती गारच असतात. गार भट्टीत लाकडातून निघालेले वायू पुरते जळत नाहीत. कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी तिथेच तयार होते. इंधन वाया जातं तेही इथे आणि हवा बिघडते तीही इथे.

तपासणीत मात्र हे दिसत नाही. 2015पासून बसवलेल्या पेलेट बॉयलरला जर्मनीत घनमीटर धुरामागे 20 मिलिग्रॅम धूळ आणि 400 मिलिग्रॅम कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे. शोर्नश्टाइनफेगर, म्हणजे धुराडी तपासणारा अधिकृत माणूस, दर दोन वर्षांनी मोजमाप करतो, पण बॉयलर चांगला तापल्यावर. दिवसातून दहादा पेटणारा बॉयलरही त्यात पास होतो.

म्हणून कंट्रोलरच्या मेनूत जाऊन दोन आकडे बघा: जळण्याचे एकूण तास आणि एकूण किती वेळा पेटला. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर एका तासाच्या खाली आलं तर सेटिंग चुकलंय, दोनच्या वर असेल तर ठीक. सुधारणा बहुतेक वेळा बफर टाकीतच होते. किलोवॅटमागे निदान 30 लिटर टाकी हवी. 500 लिटर पाणी 40 अंशांनी तापवलं की 23 युनिट साठतात, म्हणजे ऑक्टोबरातल्या घराला आठ तास पुरतील इतकी. पण हे कधी, तर टाकीतलं पाणी वरपासून खालपर्यंत गार होऊन मग पुन्हा पूर्ण तापलं तर. वरचा सेन्सर 45-50 अंशांवर आला की बॉयलर सुरू, खालचा 65-70वर गेला की बंद, असं ठेवा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही कामं एकाच सेन्सरवर टाकलेली असतात, तिथे टाकी असून नसल्यासारखी. अंघोळीचं पाणी तापवायची वेळ दिवसातून एकदाच द्या. बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा (धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता घेणारा) नसेल तर बॉयलरकडे परत येणारं पाणी 55 अंशांच्या खाली येऊ देऊ नका, नाहीतर आत डांबर धरतं.

दुसरा घोळ भुश्श्याचा. टँकरमध्ये माल भरताना 3.15 मिलिमीटरपेक्षा बारीक चुरा 1 टक्क्याच्या आत असावा लागतो; घरात फुंकून भरताना तो वाढतोच. एक किलो पेलेट साधारण 3 मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून हलक्या हाताने चाळा आणि खालचा भुसा वजनकाट्यावर ठेवा: 10 ग्रॅम म्हणजे 1 टक्का. भुसा खोलीच्या तळाशी साचतो, त्यामुळे साठा संपत आला की तो एकदम भट्टीत येतो आणि ज्वाला बिघडते. चांगली ज्वाला आखूड, उजळ पिवळी आणि चपळ असते. लांब, लालसर, लोळणारी ज्वाला दिसली तर बॉयलर बंद करून थंड होऊ द्या आणि जळणाची वाटी काढून बघा. हवेची भोकं करड्या, काचेसारख्या खड्यांनी बुजलेली सापडतील. लाकडाबरोबर साल किंवा माती आली की राख कमी तापमानाला वितळून अशी गोठते. खडे नुसते उचलून भागत नाही, प्रत्येक भोक तारेने मोकळं करावं लागतं. (आपल्याकडच्या पऱ्हाटीच्या किंवा भाताच्या तुसाच्या पेलेट यात का चालत नाहीत, त्याचं उत्तरही हेच. ए1मध्ये राख 0.7 टक्क्यांच्या आत, तुसात वीसच्या आसपास.)

धुराचं तापमान आठवड्यातून एकदा, त्याच लोडवर, वहीत टिपून ठेवा. नळ्यांवर राख बसली की ते चढतं, आणि 20 अंश वाढीला साधारण 1 टक्का कार्यक्षमता जाते.

आता कार्बनचं. युनिटभर उष्णतेमागे लाकडातून सुमारे 400 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, नैसर्गिक वायूतून 200. विक्रेते हे सांगत नाहीत, आणि ते खटकतं. पेलेटची बाजू टिकते ती कच्च्या मालावर. इथला बराचसा माल करवतगिरण्यांच्या भुश्श्याचा असतो, जो तसाही कुजला किंवा जळला असता. उभी झाडं तोडून केलेल्या पेलेटला हा हिशेब लागू होत नाही, म्हणून माल कशापासून बनला ते विचारून घ्या.

साठ्याची खोली हा जिवाशी खेळ आहे. ताज्या पेलेटमधल्या स्निग्ध आम्लांचा हवेशी रासायनिक संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्याला वास नाही, आणि त्याने माणसं दगावली आहेत. भरणीच्या नळ्यांना हवा खेळणारी झाकणंच लावा. आत जाण्याआधी बॉयलर बंद, दार निदान 15 मिनिटं सताड उघडं, हातात चालू कार्बन मोनॉक्साइड मीटर, आणि दाराबाहेर दुसरा माणूस.