सहाचे दोन झाले: आठ महिने ऐकल्यावर

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या सकाळच्या रेडिओ कार्यक्रमाच्या निवेदकांनी शेवटचं गाणं लावण्याआधी, पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगून टाकलं की येत्या सोमवारपासून ते रोज येणार नाहीत. आठवड्यातल्या सहा दिवसांऐवजी बुधवार आणि शनिवार, बस्स. पहाटे साडेतीनला उठून स्टुडिओ गाठणं आता जमत नाही म्हणाले. आणि लगेच गाणं लागलं. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात, माझ्या दुकानात शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बसलो होतो. त्या सकाळी एका हाफपँटला मी दोन्ही पाय डावेच जोडले.

आता फेब्रुवारी लागला. "होईल सवय" असं तेव्हा ज्यानं त्यानं सांगितलं होतं. झाली का, ते लिहितो. केंद्राचं आणि निवेदकांचं नाव मुद्दाम घालत नाही. ऐकणाऱ्यांना कळेल, न ऐकणाऱ्यांना कळून उपयोग नाही.

मी शिंपी आहे. हात गुंतलेले, कान मोकळे, असा हा धंदा. अठरा वर्षं हा कार्यक्रम ऐकतोय, साडेसहा ते साडेसात. खानापूरच्या पावसात लाइट कधी जाईल नेम नसतो, म्हणून एक मशीन पायाचं ठेवलंय आणि रेडिओ सेलवरचा. एफएम आमच्याकडे डोंगराच्या आडोशाला दबतं. एरियलला तांब्याची तार गुंडाळून ती खिडकीच्या गजाबाहेर काढली की मग आवाज नीट येतो. या एका तासात माझ्या दोन कॉलरी व्हायच्या. भक्तिगीतं चालू असताना कॉलर शिवून उलटवायची, टोकं सुईनं बाहेर काढायची. पत्रं सुरू झाली की मशीन थांबवून हातानं काजं करायला घ्यायची. मशीनच्या खडखडाटात पत्र ऐकू येत नाही आणि पत्र चुकवायचं नसतं.

कार्यक्रमातलं खरं सोनं ती पत्रंच. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर फर्माईश आणि खाली नावांची माळ: अमुक, तमुक, त्यांची आई, धाकटी सून, शेजारचे दोघे. हे गृहस्थ सगळी नावं वाचायचे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावांची नावं बरोबर वाचायचे. कंग्राळी म्हटलं की बुद्रुक की खुर्द ते सांगणारच. येळ्ळूरचा 'ळ्ळ' पूर्ण जिभेनं. माझ्या आईचं माहेर गर्लगुंजी. जूननंतर मधल्या वारी एक नवीन मुलगी आली होती, तिनं हे नाव "गर्ल" आणि "गुंजी" असं तोडून वाचलं, इंग्रजीतल्या मुलीसारखं. आई भाकरी थापत होती. हात थांबले, रेडिओकडे बघितलं, आणि पुन्हा थापायला लागली. म्हणाली काही नाही. मुलीचा दोष नाही म्हणा. लांबची असेल, कागदावर जे दिसलं ते वाचलं.

पण आमच्याकडे हे लागतं. शेताचा उतारा कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये, रेशनच्या दुकानातला फळा कन्नडमध्ये. आईला कन्नड बोलता चांगलं येतं, वाचता अक्षर येत नाही. बस ती विचारून पकडते. गावाचं नाव तिच्या बोलण्यात आहे तसं बाहेरून कुठून ऐकू येण्याची जागा म्हणजे हा एक तास.

ओळखीच्यांत सगळ्यात चिडले ते आमचे मामा. नात्यानं कोणी नाहीत. सरकारी बसचे निवृत्त कंडक्टर, लोंढ्याच्या बाजूला नोकरी गेली, घरची भाषा कन्नड. रोज सकाळी दुकानात चहाला येतात आणि मराठी कार्यक्रम माझ्यापेक्षा मन लावून ऐकतात. जूनमध्ये त्यांचं म्हणणं असं: माणूस दमला तर पूर्ण थांबावं, हे अर्धं काय? कंडक्टरनं सांगायचं का, मी खानापूरपर्यंत तिकीट फाडतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा? आई उलट बाजूची. "त्येला झोप तरी मिळंल की," एवढंच तिचं मत, आणि आजही तेच आहे. पुण्यात असलेला भाचा म्हणाला, रेकॉर्ड करून मोबाइलवर टाकायला सांगा, वाटेल तेव्हा ऐका. त्याला अजून समजावू शकलेलो नाही की साडेसहा वाजता बाहेर जे धुकं असतं तेच त्यांच्या स्टुडिओबाहेर पण आहे, ही त्यातली अर्धी मजा.

मी मामांना बिनाकाची आठवण दिली. अमीन सायानींची बिनाका गीतमाला १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाली ती आठवड्यातून एकदाच लागायची, बुधवारी रात्री आठला. माझे वडील सांगायचे, हॉटेलात जागा मिळावी म्हणून लोक सातलाच चहा घेऊन बसत आणि तो तासभर पुरवत. आठवड्यातून एकदा म्हणून कुणी तक्रार केली नाही. मामा म्हणाले, "ते मिळतच एकदा होतं. आमचं सहाचं दोन केलं. पगारवाढ न मिळणं वेगळं आणि पगार कापणं वेगळं." यावर मला उत्तर सुचलं नाही.

आता मधल्या चार दिवसांचं. इथं माझी खरी तक्रार आहे आणि ती निवेदकांवर नाही. नवीन मुलगी दीड-दोन महिनेच टिकली. मग त्या चार दिवसांत जुनी रेकॉर्डिंग लावायला सुरुवात झाली, तीही जुनी आहेत हे न सांगता. डिसेंबरातली एक सकाळ. दाराबाहेर शेकोटी, माझे हात इतके गार की सुईत दोरा जाईना, आणि रेडिओवर हे म्हणतायत, "बाहेर चांगलीच सर आली आहे, छत्री घेऊन निघा." आई म्हणाली, "हे मागच्या पावसातलं." वर त्यांनी एका आजींना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. त्या आजी आमच्या ओळखीच्या, दसऱ्यात गेल्या. मी उठून रेडिओ बंद केला. जुनं लावा, हरकत नाही. पण "हा भाग अमुक महिन्यातला" एवढं एक वाक्य सुरुवातीला बोलायला काय जातं?

मी आणि मामांनी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही, फरकही पडला नाही.

त्या रागात एक चांगली गोष्ट झाली. लहानपणी घरात मर्फी रेडिओ होता. त्याच्या डायलवर डावीकडे धारवाड केंद्र, उजव्या अंगाला सांगली केंद्र, आणि मधली शिट्ट्या-खरखरीची पट्टी. वडील सांगलीच्या १२५१ वर काटा नेऊन ठेवायचे आणि आम्ही हात लावला तर ओरडायचे. त्यामुळे धारवाड मी कधी नीट ऐकलंच नव्हतं, साठ-सत्तर किलोमीटरवर असून. आता सोमवारी-मंगळवारी मीडियम वेव्हवर ७६५ लावतो. गायक मल्लिकार्जुन मन्सूर ज्या केंद्राचे संगीत सल्लागार होते ते हे केंद्र. सकाळी गाणं चांगलं असतं. निवेदन कन्नड, राग तोच. मामांना तर घरी आल्यासारखं वाटतं, पण खोड अशी की तिथंही त्यांना आमचेच निवेदक हवे असतात.

कुणी हा प्रयोग करणार असेल तर एक सांगतो. मीडियम वेव्हला एलईडी बल्ब आणि मोबाइलचा चार्जर फार त्रास देतात. टर्रर्र असा आवाज येतो आणि माणूस रेडिओ बिघडला समजतो. मी समजलो, दुरुस्तीला नेला. दुरुस्तीवाल्यानं बल्ब बंद केला, आवाज गेला, पैसे घेतले नाहीत. दुसरं, या बँडचा एरियल आत असतो, काळ्या कांडीवर तार गुंडाळलेला. वरची दांडी ओढून काही होत नाही. अख्खा रेडिओ फिरवायचा. माझा आता कापायच्या टेबलावर तिरका ठेवलेला असतो आणि गिऱ्हाईक तो सरळ करून जातं.

बुधवार आणि शनिवारबद्दल मात्र माझं मत बदललं, हे कबूल करतो. पहिले दोन महिने मला ते दोन दिवसही बेचव लागले, कारण मी रागावून ऐकत होतो. नंतर जाणवलं की माणूस तयारी करून येतोय. पूर्वी शेवटी शेवटी तीच गाणी फिरून यायची, गुरुवारी आवाज बसलेला असायचा, खोकला आला की मध्येच गाणं. आता बोलणं सावकाश आणि भरलेलं. नोव्हेंबरात एका बुधवारी त्यांनी कुमार गंधर्व घेतले. १९२४ साली सुळेभावीला जन्म, म्हणजे आमच्या बेळगावच्या उंबऱ्यातलं गाव, हे किती ठसक्यात सांगितलं! मग क्षयरोग, देवासला मुक्काम, सहा वर्षांच्या आसपास गाणं बंद. एक फुप्फुस निकामी झाल्यावर ते परत गायले तेव्हा लांब पल्ल्याच्या तानांऐवजी छोटे, झपकन येणारे तुकडे गायला लागले. आजाराआधीची एक आणि नंतरची एक, अशी दोन ध्वनिमुद्रणं त्यांनी लागोपाठ लावली, मध्ये एक शब्द न बोलता. माझ्या हातात ब्लाउजचं अस्तर होतं, ते तसंच राहिलं.

मामा म्हणाले, "बघ, स्वतःबद्दल बोलूलाय." मला तसं वाटलं नाही. त्यांना कुमारांबद्दलच बोलायचं असेल. पण मामा त्या दिवसापासून "अर्धं काय" म्हणेनासे झाले, हेही खरं.

तोटा राहिलाच तो पत्रांचा. दोन दिवसांत सहा दिवसांची कार्डं मावत नाहीत. आता आठ-दहा वाचतात, आणि नावांची माळ असेल तर पहिलं नाव घेऊन "आणि घरची सगळी मंडळी" म्हणतात. आईचं नाव त्या सगळ्या मंडळीत गेलं. पूर्वी वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकू यायचं, या आठ महिन्यांत एकदा. तिनं हे मोजलंय, मी नाही.

गुण द्यायचे तर बुधवार-शनिवारला पाचपैकी साडेचार, मधल्या चार दिवसांना एक, तोही गाण्यांसाठी. सेल मात्र आता दुप्पट पुरतात.

फर्माईशीचं कार्ड कधी आणि कसं टाकायचं, असं ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: कार्ड शनिवारसाठी हवं असेल तर सोमवारीच पेटीत टाका. खानापूरहून तीन दिवस जातातच, पावसात चार. एका कार्डावर एकच नाव घाला, म्हणजे ते वाचलं जातं. आम्ही आता घरातल्या पाच जणांची पाच कार्डं टाकतो. आणि गावाचं नाव मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहा, बुद्रुक-खुर्दसकट.