इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर: कोणी जावं, कोणी थांबावं

‘टेन्शन आहे ना, मग इगतपुरीला जाऊन ये,’ असा सल्ला सर्रास दिला जातो. गफलत इथेच होते. धम्मगिरीवर, म्हणजे इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात, शिकवतात ती वाट निब्बाणाची (निर्वाणाची), म्हणजे राग, द्वेष आणि मोह मुळासकट उपटण्याची. मानसोपचाराचं मागणं त्यामानाने माफक असतं: झोप लागावी, काम जमावं, रोजचा ताण पेलता यावा. आजाराच्या यातना जाऊन चारचौघांच्या वाट्याला येतं तेवढंच दुःख उरलं तरी पुष्कळ मिळवलं, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १८९५ मध्येच म्हटलं होतं. बुद्धाचं पहिलं आर्यसत्य, म्हणजे ‘दुःख आहे’, नेमकं त्या उरलेल्या दुःखापासून सुरू होतं.

शिबिर म्हणून व्यवस्था चोख आहे. पहाटे ४ ला घंटा, दिवसभरात दहाएक तास ध्यान, जेवण ११ ला. संध्याकाळी ५ ला नव्यांना चहा-फळं, जुन्या साधकांना (आधी शिबिर केलेल्यांना) फक्त लिंबूपाणी. फी नाही, दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. सुरुवातीला आनापान (श्वासावर लक्ष), चौथ्या दिवशी विपश्यना (अंगावरच्या संवेदना समतेने पाहणं) आणि मग रोज तासतासाच्या तीन अधिष्ठान बैठका, ज्यात हातपाय हलवायचे नाहीत. बहुतेक जण घसरतात ते इथे. अंगभर झिणझिण्यांचा सुखद प्रवाह जाणवला की पुढच्या बैठकीत तोच शोधत बसतात. समता सुटते आणि आसक्तीचा नवा संस्कार, म्हणजे मनावरचा ठसा, तयार होतो. गुडघेदुखी असेल तर खुर्ची आधीच मागून घ्यावी; त्यात कमीपणा नाही.

खरी जोखीम वेगळी आहे. परंपरेत भंगज्ञानानंतर (सगळं क्षणोक्षणी विरतंय ही जाणीव) भयज्ञान (त्यातून येणारी भीती) येतं आणि ते प्रगतीचं लक्षण मानतात. ‘मी’ विरघळतोय ही जाणीव, सोबत भीती, हेच वर्णन मनोविकारतज्ज्ञापुढे केलं तर तो आधी आजार तपासेल, आणि ते योग्यच आहे. शिबिर चालवणारे सहायक आचार्य साधनेतले जाणकार असतात, डॉक्टर नव्हे. दुपारी १२ ते १ मधल्या काही मिनिटांच्या भेटीत निदान होत नाही. म्हणूनच अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात. तिथे काही लपवू नये. प्रवेश मिळावा म्हणून गोळ्या परस्पर बंद करणं तर सर्वांत घातक.

नैराश्य पुन्हा पुन्हा उलटत असेल तर एमबीसीटी (सजगतेवर आधारित मानसोपचार) जास्त उपयोगी: आठ आठवडे, आठवड्याला साधारण दोन तासांचं सत्र, बाकी दिवस घरी सराव. सजगता बौद्ध परंपरेतलीच, पण निब्बाणाचं ध्येय बाजूला ठेवलेलं. प्रकृती स्थिर असलेल्या आणि खरोखर धम्माची ओढ असलेल्या माणसाने मात्र इगतपुरीच निवडावी. इतकं कसून शिकवणारी जागा विरळाच.

परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. झोप उडाली किंवा भीती ओसरेना, तर बैठक वाढवू नका. थांबवा आणि मनोविकारतज्ज्ञांना गाठा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.