'उखो'ची बनावट ब्ल्यू-रे आणि माझे 5,250 रुपये

गेलेली रक्कम आधीच सांगतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. डिस्कचे 3,800 आणि 'कस्टम'चे 1,450, असे एकूण 5,250 रुपये गेले. यातले निम्म्याहून जास्त आमच्या फिल्म क्लबच्या वर्गणीतले होते, आणि ते मला जास्त लागलं.

'उखो' म्हणजे चेक भाषेत कान. दिग्दर्शक कारेल काखिन्यांनी हा सिनेमा 1970 मध्ये पूर्ण केला आणि बंदी येऊन तो लगेच कपाटात गेला. प्रागमध्ये तेव्हा रशियन रणगाडे येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. लोकांनी तो पाहिला थेट कम्युनिस्ट सत्ता गेल्यावर, आणि 1990 मध्ये तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला. (कान महोत्सवात 'कान'. हा विनोद मी क्लबात इतक्यांदा केलाय की आता कोणी हसत नाही.) गोष्ट एका रात्रीची. एक उपमंत्री आणि त्याची बायको सरकारी मेजवानीहून घरी येतात. किल्ल्या सापडत नाहीत, घरात वीज नाही, फोन मुका, आणि शेजारच्यांकडे मात्र दिवे चालू. मेजवानीत कळलेलं असतं की वरचा मंत्री पकडला गेलाय. मग मेणबत्तीच्या उजेडात नवरा कागद जाळत बसतो आणि दारू चढलेली बायको त्याला टोचत राहते. घरात कुठे 'कान' (म्हणजे सरकारची चोरून ऐकणारी यंत्रं) बसवलेत आणि कुठे नाहीत, याचे दोघांचे अंदाज ठरलेले. बोहदालोव्हा आणि ब्र्झोबोहाती ही नट-नटीची जोडी त्यात अशी भांडते की आपण परक्याच्या घरात चुकून शिरलोय असं वाटावं.

पटकथा यान प्रोखाझ्का यांची. हा माणूस एके काळी कम्युनिस्ट पक्षाच्या वरच्या वर्तुळात होता. 1970 मध्येच त्यांच्या खासगी गप्पांचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण तिथल्या सरकारी टेलिव्हिजननं देशभर ऐकवलं. पुढच्या फेब्रुवारीत ते गेले, वय 42. आपल्या सिनेमातला कान आपल्यालाच लागलेला त्यांनी पाहिला.

हे सगळं मी आमच्या सिनेमावाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं होतं, अगदी याच शब्दांत. शेवटी हेही लिहिलं की वीस वर्षांपूर्वी एका घासलेल्या प्रतीवर पाहिला होता, आता युरोपात रीस्टोअर केलेली, म्हणजे मूळ फिल्मवरून नव्यानं साफ केलेली ब्ल्यू-रे (डीव्हीडीहून स्पष्ट चित्राची डिस्क) निघाली आहे, कोणी येणारं असेल तर आणा, पैशांचा प्रश्न नाही. ग्रुपात अडीचशे माणसं. त्यातल्या तीसेक जणांनाच मी ओळखतो.

तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "सर, तुम्ही उखो शोधताय असं कळलं." सोबत फोटो: पुढचं कव्हर, मागचं कव्हर, आतली पुस्तिका. दोनच प्रती उरल्यात, एक दिल्लीच्या गिऱ्हाइकानं धरून ठेवलीय, वगैरे. मग तो प्रोखाझ्कांवर बोलायला लागला. टेलिव्हिजनवरचं ते प्रसारण, बेचाळिसाव्या वर्षीचा मृत्यू. मी हरखलो! पुण्यात दहा माणसांना हे माहीत नसेल, आणि हा विकणारा असून जाणतो! रात्री अकरापर्यंत गप्पा मारल्या आम्ही. आता ते चॅट पुन्हा वाचलं की लाज वाटते. त्यानं सांगितलेली एकही गोष्ट माझ्या पोस्टच्या बाहेरची नव्हती. माझंच मला वाढत होता, आणि मी "व्वा" म्हणत जेवत होतो.

पैसे यूपीआयनं, एका वेगळ्याच बाईच्या नावावर. विचारलं तर म्हणाला, मिसेसचं अकाउंट आहे सर. पावती मागितली नाही. 'जाणकार माणसं' म्हणवून घेतल्यावर पावती मागायला संकोच वाटतो, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

नऊ दिवसांनी फोन: पार्सल मुंबईत कस्टममध्ये अडकलंय, 1,450 भरा, नाहीतर परत जाईल. भरले, त्याच नंबरवर. ही चूक मी दुसऱ्या कोणाला माफ केली नसती. परदेशातून टपालानं पार्सल आलं तर ड्युटी पोस्टात किंवा पोस्टमनकडे भरायची असते आणि तिची पावती मिळते. कुरिअर असेल तर कुरिअर कंपनी स्वतः कळवते. विकणाऱ्याच्या बायकोच्या खात्यात भारत सरकारची ड्युटी जात नाही. पार्सल आलं तेव्हाही मी नीट पाहिलं नाही. परदेशी पाकिटावर आत काय आहे, किंमत काय, हे लिहिलेला कस्टमचा कागद चिकटवलेला असतो. याच्यावर आपल्याच देशातल्या एका शहराच्या कुरिअरची चिठ्ठी होती. मी कात्रीनं ती मधोमध कापून डिस्क बाहेर काढली.

प्लेअरमध्ये टाकली आणि लगेच चालली. मला आनंद झाला. शंका यायला हवी होती. ब्ल्यू-रेचे जगात तीन विभाग आहेत. युरोप 'बी'मध्ये, आपण 'सी'मध्ये. काही डिस्क सगळीकडे चालतात, पण तिथल्या पुष्कळशा आपल्या साध्या प्लेअरवर चालत नाहीत. मी मात्र पहिली दोन मिनिटं पाहिली, समाधानानं मान डोलावली आणि शनिवारच्या शोचं आमंत्रण पाठवून दिलं.

शनिवारी एकोणीस माणसं आली. मेजवानीहून घरी येईपर्यंत ठीक होतं. वीज गेली आणि डिस्कचं पितळ उघडं पडलं. हा अर्धाअधिक सिनेमा अंधारातला, कृष्णधवल, एका मेणबत्तीवर तोललेला. खऱ्या प्रतीत त्या काळ्यातही थर दिसायला हवेत. आमच्या पडद्यावर काळ्या रंगाचे चौकोनी ठोकळे हलत होते. चेहऱ्यांवर फिल्मचा दाणा (खऱ्या फिल्मवर दिसणारा बारीक रवाळपणा) नावालाही नाही, मेणाच्या बाहुलीसारखे गाल. नवरा कागद जाळतो तिथे धुराच्या जागी करड्या रंगाचे जिन्यासारखे टप्पे दिसत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "रीस्टोअर केलंय म्हणजे नेमकं काय केलंय?"

मध्यंतरात आमच्या क्लबातले एक जुने साउंड रेकॉर्डिस्ट माझ्याजवळ आले. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. "अरे, ही बाई जरा वरच्या पट्टीत बोलतेय का रे?" मला काही कळेना. ते म्हणाले, "सिनेमा किती मिनिटांचा?" मी म्हटलं चौऱ्याण्णव. त्यांनी रिमोट घेऊन एकूण वेळ पाहिली. नव्वद. "झालं," म्हणाले, "ही जुनी डीव्हीडी आहे."

त्याचं गणित त्यांनी चहाच्या कपावर समजावलं, आणि या सगळ्या प्रकरणातून हाती लागलेली ही एकच मोलाची गोष्ट. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी चालतो. युरोपातला जुना टीव्ही आणि डीव्हीडी सेकंदाला 25 नं. तिथे सिनेमा डीव्हीडीवर घालताना तो तसाच थोडा पळवायचे, म्हणून 94 मिनिटांचा सिनेमा 90 मिनिटांत संपतो आणि आवाज चढतो. अर्धा स्वर (सेमीटोन) म्हणा, किंचित कमीच. ब्ल्यू-रेवर 24 चाच वेग ठेवता येतो, म्हणून मूळ निगेटिव्हवरून नव्यानं केलेल्या प्रतीत ही चार मिनिटं सहसा हरवत नाहीत. कोणीतरी 576 ओळींची डीव्हीडी उचलली, ताणून 1080 ओळींची केली, ताणताना दिसणारी खरखर सॉफ्टवेअरनं पुसली आणि घरच्या बर्नरवर, म्हणजे कोऱ्या डिस्कवर लिहिणाऱ्या यंत्रावर, डिस्क 'भाजली'. पुसताना खरखरीबरोबर चेहरेही गेले.

मग डिस्क उलटी करून पाहिली. कारखान्यात छापलेल्या डिस्कचा मागचा भाग एकसारखा चमकतो. हिचा करडा-तपकिरी, आणि भाजलेला भाग जिथे संपतो तिथे स्पष्ट कडं. मधल्या भोकाजवळ कोऱ्या डिस्क बनवणाऱ्याचा क्रमांक. काकांनी ओलं बोट वरच्या चित्रावर फिरवलं तर शाई बोटाला आली. पुस्तिका म्हणजे फोटोवरून काढलेली प्रिंट, अक्षरांभोवती ठिपके, आणि दिग्दर्शकाच्या आडनावातल्या अक्षरावरची चेक खूण गायब. चेक लोकांनी काढलेल्या पुस्तिकेत हे होणं शक्य आहे का? हे सगळं पार्सल उघडल्या दिवशी दोन मिनिटांत दिसलं असतं.

उरलेला सिनेमा आम्ही पाहिला. इतकी माणसं आली होती, शिवाय नव्या लोकांना शेवट माहीत नव्हता. तशा प्रतीतही शेवटच्या पाच मिनिटांत कोणी खुर्ची हलवली नाही, हे सिनेमाचं श्रेय.

रात्रीच त्याला मेसेज केला. दोन निळ्या खुणा, मग ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तर तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे कधी गेले?" पहिल्यांदा पैसे जाऊन तोवर तीन आठवडे झाले होते. त्या समजुतीनं बोलल्या, पण तासा-दोन तासांत कळवलं तर रक्कम मधेच गोठवता येते, आता अवघड आहे असं म्हणाल्या. ऑनलाइन तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. बँकेनं सांगितलं, व्यवहार तुम्ही स्वतः पिन घालून केलाय. खरंच आहे ते. क्लबचे पैसे मी माझ्या खिशातून भरले. दोघांनी घ्यायला नकार दिला, तेव्हा आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

गेल्या महिन्यात मी त्याच ग्रुपवर एका जुन्या पोलिश सिनेमाबद्दल चार ओळी लिहिल्या. मुद्दाम, आणि त्यात एक चुकीचं साल घालून. पाचव्या दिवशी नव्या नंबरवरून मेसेज आला. "सर, तुम्ही शोधताय ती डिस्क आहे माझ्याकडे." पुढे सिनेमाची माहिती, माझ्या चुकीच्या सालासकट. मी लिहिलं, डिस्कच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, शेजारी चिठ्ठीवर आजची तारीख आणि माझं नाव लिहून. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग ते थांबलं, आणि थोड्या वेळानं प्रोफाइलचा फोटोही दिसेनासा झाला. दोन्ही नंबर तक्रारीला जोडलेत. ग्रुपच्या अ‍ॅडमिननं अडीचशे नावांची यादी मागवली आहे.