ल्यूगर पी-०८ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

हे पिस्तूल घेताना विक्रेत्याने ‘सर्व अंक जुळतात’ एवढेच सांगितले होते आणि चेंबरवरचे (गोळी बसते त्या भागावरचे) १९१७ हे वर्ष पाहून मीही भुललो. परवान्यावर नोंद होऊन ते हाती आल्यावर भिंग घेऊन बसलो, तेव्हा ट्रिगर झाकणाऱ्या बाजूच्या पट्टीवर ३७ आणि इतर सुट्या भागांवर ८१ असे अंक दिसले; हे पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असतात, ते सगळीकडे सारखेच हवेत. पहिले दोन दिवस मी चडफडत होतो.

ल्यूगर ओळखताना नुसत्या क्रमांकावर भिस्त ठेवता येत नाही. जर्मन लष्करासाठी बनलेल्या पिस्तुलांची मोजणी दरवर्षी नव्याने सुरू होई आणि दहा हजारांचा एक गट संपला की पुढच्या गटाला एकेक अक्षर जोडले जाई; त्यामुळे एकाच वर्षात तोच आकडा असलेली अनेक पिस्तुले निघत. क्रमांक, त्याखालचे अक्षर, चेंबरवरचे वर्ष आणि कोपरासारख्या मोडणाऱ्या सांध्यावरची निर्मात्याची खूण हे सारे एकत्र वाचले तरच ओळख पक्की होते. माझ्या पिस्तुलावर ‘डीडब्ल्यूएम’ ही गुंफलेली अक्षरे आहेत; एरफुर्टच्या सरकारी कारखान्याच्या मालावर तिथे मुकुट असतो. शिवाय १९१७ च्या वर १९२० असे दुसरे वर्ष ठोकलेले आहे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी मालकीची शस्त्रे वेगळी ओळखू यावीत म्हणून तो शिक्का मारला गेला, हे कळल्यावर त्या ३७ वरचा माझा राग निवळला. ती पट्टी तेव्हाच्या एखाद्या दुरुस्तीत बदलली गेली असावी, असा माझा तर्क आहे.

मुलामा मूळचा आहे की नंतर चढवलेला, हे ट्रिगर आणि सेफ्टीची कळ यांवरून बरेचसे कळते. या काळातल्या पिस्तुलांवर हे छोटे भाग उष्णता देऊन गवती पिवळ्या रंगाचे केलेले असत. तेही काळेनिळे दिसले, तर पिस्तूल नंतर रंगवले असल्याची शंका घ्यावी. मात्र पुढे ल्यूगर बनवणाऱ्या माउझर कंपनीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत सोडली, तेव्हा त्या पिस्तुलांना ही कसोटी लावू नये.

साहित्यातली सर्वांत कामाची वस्तू म्हणजे होल्स्टरच्या झाकणातल्या कप्प्यात बसणारे चपटे अवजार. मॅगझिनची (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीची) स्प्रिंग इतकी ताठ असते की आठवी गोळी अंगठ्याच्या जोरावर भरणे जिकिरीचे होते. अवजाराचे भोक मॅगझिनच्या बटणावर अडकवून खाली ओढले की काम हलके होते. त्याच्याच दुसऱ्या टोकाने मुठीचे स्क्रू निघतात. डाव्या बाजूची अक्रोडी पट्टी मात्र सेफ्टीच्या कळीजवळ नाजूक असते. मी ती घाईने उचलली आणि तांदळाच्या दाण्याएवढा कपचा उडाला. तेव्हापासून मूळ पट्ट्या डब्यात आहेत आणि नेमबाजीला जाताना नव्या पट्ट्या लावतो. फायरिंग पिनही (गोळीवर आघात करणारी कांडीही) नवी बसवतो, कारण मूळ पिन तुटली तर जुळणाऱ्या अंकांतला आणखी एक भाग कायमचा गेला.

नवीन बनावटीचे मॅगझिन घेतल्यापासून गोळी अडकण्याचे प्रकार जवळजवळ थांबले; दोष पिस्तुलाचा नसून जुन्या मॅगझिनच्या सैल झालेल्या ओठांचा, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांचा होता. कमी दाबाच्या काडतुसांवर मात्र सांधा पुरता मागे जात नाही, म्हणून मी ९ मि.मी.ची साधी, नेहमीच्या दाबाची काडतुसेच वापरतो.

होल्स्टर जुने, उत्तम शिवणीचे आहे आणि सुट्या मॅगझिनसाठी त्याला बाहेरून खिसा आहे. पण पिस्तूल त्यात ठेवत नाही. पहिल्या महिन्यात ठेवले होते, तेव्हा कातड्याशी घासणाऱ्या कडेवर गंजाची बारीक नक्षी उठली. आता दोन्ही वेगवेगळी, पिस्तूल हलके तेल लावून, तिजोरीत असतात.

लाकडी बुडाचे, माझ्याच क्रमांकाचे म्हणून आलेले एक मॅगझिन मात्र परत पाठवले. त्यावरचे लाकूड हाताळून काळपट झाले होते, पण आकड्यांच्या खाचांच्या आत ते ताज्या सालीसारखे फिके होते. मूळ जोडीतल्या दुसऱ्या मॅगझिनवर क्रमांकाबरोबर अधिकची (+) खूण असते. ती ठोकायला हे नवे आकडे ठोकणारे महाशय विसरले होते.